शुक्रवारचे चेहरे

आमच्या घरात चेहरे शुक्रवारी व्हायचे. इतर दिवशी माझे वडील, आप्पा, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ट्रकच्या मागची फुलं काढायचे, लग्नाचे कापडी फलक लिहायचे, आणि निवडणुका आल्या की भिंती. पण कुणाचा चेहरा काढायचा असेल तर गिऱ्हाइकाला शुक्रवारपर्यंत थांबावं लागे. कारण साधं होतं. निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. ते सुरू असले की जमीन थरथरायची, जमिनीबरोबर टेबल आणि टेबलाबरोबर कुंचला. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी हाताला जमीन मिळते, असं आप्पा म्हणत.

दुसरं कारण रुई. लूममधून सुटलेला कापसाचा बारीक तंतू हवेत तरंगत राहतो आणि वाटेल तिथं बसतो. भातावर, माठाच्या झाकणावर, केसांत, आणि ओल्या रंगावर तर हमखास. आमच्याकडे सगळे त्याला रुईच म्हणतात. ओला फलक सुकेपर्यंत आप्पा तो मच्छरदाणीत ठेवायचे. घरात मच्छरदाणी एकच, त्यामुळे आराम फलकाला आणि डास आम्हाला. सुकल्यावरही कुठे तंतू चिकटलेला दिसलाच तर ते चिमटा घेऊन बसायचे आणि उवा काढाव्यात तसा तो उचलायचे.

गल्लीतल्या कुणालाच रुईचं काही वाटत नसे. मला वाटायचं. माझ्या नाकावर राग लहानपणापासून, आणि त्या रागाचा पहिला मान रुईचा. कल्याणला चित्रकलेच्या वर्गाला जायला लागले तेव्हा तिथल्या मुली माझ्या वेणीतलं पांढरं बघून 'आली म्हातारी' म्हणायच्या. मी गल्लीच्या तोंडाशीच वेणी सोडून, झटकून, पुन्हा घालून मग एसटी पकडायची. तरी एखादा तंतू राहायचाच.

आप्पांची चेहरा काढायची एक रीत होती. गिऱ्हाईक बोटाएवढा फोटो घेऊन येई, बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचा. आप्पा फोटोवर पेन्सिलीच्या बारीक चौकटी आखायचे, कागदावर तितक्याच, पण मोठ्या चौकटी, आणि एकेक चौकट उतरवत चेहरा पुरा करायचे. डोळे मात्र कोरे ठेवायचे. शुक्रवारी घरच्या माणसाला बोलवायचं, समोर स्टुलावर बसवायचं आणि त्याच्या देखत डोळे भरायचे. ते माणूस 'हेच' म्हणालं की कुंचला खाली. मग आप्पांना स्वतःला चित्र कितीही अपुरं वाटो.

एकदा लूमवरचा एक कारागीर आपल्या वडिलांचा फोटो घेऊन आला होता. एक डोळा भरला आणि दुसरा नुसता फिका टेकवला, तेवढ्यात तो म्हणाला, "बस, पेंटरसाब. यही हैं अब्बा." आप्पांनी खरंच दुसरा डोळा तसाच फिका सोडला. तो गेल्यावर मी ओरडले, की लोक हसतील, अर्धवट काम दिलं म्हणतील. आप्पा ब्रश धुताना म्हणाले, "बाप त्याचा हाय का तुजा?"



नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी कल्याणला डीटीपी शिकले आणि वर्षभर घरात भांडून एक जुना कॉम्प्युटर, स्कॅनर आणि प्रिंटर आणला. आप्पा पहिल्या दिवशी त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि जाऊन मच्छरदाणी आणून त्याच्यावर टाकली. मी हसले. पण ती मच्छरदाणी नंतर कायम तिथंच राहिली, कारण यंत्राला रुईचं माझ्याहून जास्त वावडं होतं.

सुरुवातीला आमची रोज खडाजंगी व्हायची. त्या काळची कॉम्प्युटरमधली मराठी अक्षरं म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दुरून नीटनेटकी दिसायची, पण मोठी करून पोस्टरवर लावली की वाळलेल्या काटक्या. आप्पा चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "बाय, ह्या अक्षराला पोटच न्हाय. जेवत न्हाय का ते?" मी म्हणायची, तुमचं अक्षर पोटभर जेवलेलं आहे, पण तुम्ही पन्नास पोस्टरं लिहायला बसलात तर कार्यक्रम होऊन जाईल. दोघांचंही म्हणणं खरं होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

मग हळूहळू वाटणी झाली. मोठं शीर्षक आप्पांनी काळ्या शाईत कुंचल्यानं लिहायचं, मी ते स्कॅन करायचं. खालचा बारीक मजकूर, वेळ, ठिकाण, निमंत्रकांची नावं मी टाइप करायची. फोटो मी मोठा करायचा. मग सगळे तुकडे छापून, कापून एका कागदावर चिकटवायचे, आणि चिकटवलेल्या कडांवर, उडालेल्या रेषांवर आप्पांनी पांढऱ्या रंगाचा हात फिरवायचा. तो कागद छापखान्यात गेला की तिकडे प्लेट बनायची. गिऱ्हाइकाला तयार पोस्टरवर कुठं आप्पा संपले आणि कुठं मी सुरू झाले ते कळायचं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि आप्पांनाही वाटत असावा, कारण छापून आलेलं पहिलं पोस्टर त्यांनी भिंतीवर लावलं आणि आल्यागेल्याला 'आमच्या दोघांचं' म्हणून दाखवलं.

एकच गोष्ट छळायची. स्कॅनरच्या काचेवर कितीही पुसलं तरी रुई बसायची, आणि प्रत्येक स्कॅनमध्ये पांढरे ठिपके, पांढरे केस उमटायचे. मी कुरकुरले की आप्पा म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." मग मी तो फोटो पडद्यावर मोठा मोठा करत न्यायची आणि माऊसनं एकेक ठिपका पुसायची. शेजारचा काळा रंग उचलायचा, पांढऱ्यावर ठेवायचा, की ठिपका गेला. खोटं कशाला सांगू, मला त्यात फार सुख मिळायचं. वेणी झटकून झटकून जी कधी गेली नाही ती रुई इथं बोटाच्या टिचकीनं नाहीशी होत होती. जन्माचा सूड घेत असल्यासारखी मी ते काम करायची.

असंच एकदा वळ गावाहून एक बाई आली. वळ हे आप्पांचं मूळ गाव, त्यामुळे ती त्यांना काका म्हणत आत आली. कडेवर दोनेक वर्षांची मुलगी. नवरा आमच्याच बाजूच्या एका शेडमध्ये लूम चालवायचा आणि गावातल्या गायन पार्टीत गायचा. मागच्या वर्षी काविळीनं गेला. आता वर्ष पुरं होत होतं, तर पार्टीतल्या सोबत्यांनी विहारात त्याच्या आठवणीत गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. पोस्टरचा मजकूर त्यांनी लिहून पाठवला होता, फोटो आणायचं काम तिच्याकडे होतं.

तिनं पदराची गाठ सोडून फोटो काढला. दसऱ्याला शेडमध्ये यंत्रांची पूजा झाली तेव्हा कुणीतरी घेतलेला. मध्ये मालक, मुकादम आणि हार घातलेला लूम, आणि अगदी कडेला हा, छातीपर्यंत आलेला, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा.

"दुसरा नाही का?" मी विचारलं.

"न्हाय ताई. लग्नाचे फोटू माज्या भावानं काढले व्हते. रोल कोराच निगाला." ती जराशी हसली. मग मुलीला खाली ठेवत म्हणाली, "हिला बाप दावायचाय. ही वर्साची व्हती तवा ते गेले. हिला ठाव न्हाय कसे दिसायचे. कार्यक्रम झाला का एक पोस्टर मी घरात लावनार."

तेवढ्यावरून मला कळलं की बाकीच्यांना हे पोस्टर कार्यक्रमाचं होतं, पण तिला एका चेहऱ्याचं होतं, आणि तो चेहरा ह्या एका फोटोबाहेर जगात कुठंही नव्हता. मी तिला म्हटलं, काळजी करू नका, असा काढते की बोलेल.

आणि मी जीव ओतून काम केलं. नखाएवढा चेहरा ओंजळीएवढा करायचा म्हणजे खेळ नव्हता. मोठा केल्यावर तो ठिपक्यांनी भरून गेला, कपाळावर, केसांत, भुवयांवर, मिशीत, कानांवर. मी एकेक पुसला. जेवायला हाक आली तरी उठले नाही. केस काळेभोर केले, भुवया जुळवल्या, गालावरची खरखरीत छटा मऊ केली. छापून काढल्यावर मलाच नवल वाटलं. एक देखणा, तरतरीत तरुण माझ्याकडे बघत होता. आप्पांनी कागद उजेडाला धरला, मान हलवली. "ब्येस निगालाय," म्हणाले. आणि मग, "शुक्रवारी बोलव तिला."

"आता कशाला? डोळे फोटोतूनच आलेत, भरायचं काय राहिलंय?"

"तरी बोलव."

शुक्रवारी ती आली. लूम बंद असल्यामुळे गल्लीत शांतता होती, मुलीच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज घरभर येत होता. मी मोठ्या ऐटीत कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून बघितला. मला वाटलं रडेल, आणि मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"हे ते न्हायत," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुम्हीच दिलेल्या फोटोतून काढलाय! हे बघा, हा फोटो, हे पोस्टर. नाक तेच आहे ना?"

"नाक त्यांचंच हाय."

"कान?"

"कान बी."

"मग?"

ती घाबरून गेली होती, तरी मागे हटली नाही. "त्यांचा भाऊ असता ना ताई, हापिसात जानारा, तो असा दिसला असता. हे ते न्हायत." मग तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. फोटू नका छापू. नुसतं नाव छापा."

माझा राग तिथल्या तिथं विझला आणि त्याच्या जागी भीती आली. ती आता दार ओलांडून गेली असती, आणि त्या मुलीला बाप म्हणून एक नाव मिळालं असतं, छापील.

आप्पा उठले. स्टूल सरकवून तिच्यापुढे ठेवलं. "बस बाय. घाई न्हाय, आज लूम बंद हायत." ती बसली. आप्पांनी चेहऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "घरी कवा यायचा तो?"

"दिवसपाळी असली का सांजच्याला."

"आल्यावर काय करायचा?"

"काय करनार? दारात हुभे ऱ्हायाचे. मी आत येऊच देत नव्हते." तिचा आवाज थोडा सैल झाला. "पयली रुई काडायची मी. भिवयांवर, मिशीत, हितं म्होरल्या केसांत. पोरीला घ्यायचे ना, पोरगी शिंकायची, म्हनून. काडलेली रुई त्यांच्या हातावर ठिवायची मी. तरी ते मुद्दाम फुक मारायचे हिच्या तोंडावर, ही हसायची." ती कागदाकडे वळली. "काका," ती म्हणाली, "एवढे साफ ते कंदीच नव्हते."

माझे कान तापले. मला जे कळायचं ते कळलं. फोटोतले सगळे ठिपके काचेवरचे नव्हते. काही त्याचे होते.

मी लगेच फोटो पुन्हा स्कॅन केला आणि काहीही न पुसता तसाच मोठा करून छापला. पण ते भलतंच झालं. काचेवरची रुई, फोटोवरचे ओरखडे, आणि त्याच्या अंगावरची रुई, सगळं एकत्र येऊन चेहऱ्याला गोवर आल्यासारखं दिसत होतं. कुठला ठिपका कुणाचा हे यंत्राला कळत नव्हतं आणि मलाही नाही. मी दोन्ही कागद हातात धरून उभी राहिले. एकात माणूस नव्हता आणि दुसऱ्यात माणूस दिसत नव्हता.

आप्पांनी माझ्या हातातून पहिला, साफ केलेला कागद घेतला. टेबलावर पसरला, सगळ्यात बारीक कुंचला निवडला, थेंबभर पांढरा रंग बशीत घेतला, आणि स्टुलावरच्या तिला म्हणाले, "सांग. कुटं?"

ती वाकून सांगायला लागली. "हितं भिवईवर. जास्ती. ह्या बाजूला कमी." आप्पा कुंचल्याचं टोक नुसतं टेकवून उचलत होते. मी दुसऱ्या कागदावर बघून मध्येच म्हटलं, "कानांवरही आहे." ती म्हणाली, "न्हाय ताई, कानावर कुटनं येनार? ते फडका बांधायचे डोक्याला, कान झाकून. पूजेला फक्त सोडला व्हता." म्हणजे कानावरची रुई आमच्या काचेची. मिशीत दोन तंतू, कपाळाच्या वर केसांच्या कडेनं एक विरळ ओळ, फडका जिथं संपायचा तिथं. चेहरा माझ्या डोळ्यांदेखत थकत चालला. तरतरीत तरुण जाऊन त्याच्या जागी दिवसपाळी करून आलेला एक माणूस येत होता, आणि मला मान्य करावंच लागलं की हा जास्त देखणा होता.

आप्पांनी डाव्या भुवईच्या टोकाला शेवटचा तंतू टेकवला, आणि रीतीप्रमाणे तिच्या 'हेच'ची वाट बघत हात थांबवला.

 तिचा हात उठला, कागदापर्यंत गेला, आणि अंगठा न् बोटाच्या चिमटीनं तिनं भुवईवरची रुई काढली.

रंग ओला होता. तो तिच्या बोटाला लागला आणि भुवईवर फराटा उमटला. "अहो!" मी ओरडले, आणि पुसायला फडकं घेऊन धावले, तर आप्पांनी माझं मनगट धरलं. ती स्वतःच्या बोटाकडे बघत होती. "हात गेला वो, काका," ती एवढंच म्हणाली आणि मग रडली. मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

आप्पांनी कुंचला पाण्यात बुडवून ठेवला.

"अजून 'हेच' म्हणाल्या नाहीत त्या," मी हळूच म्हटलं.

"म्हनली की," आप्पा म्हणाले.

तो कागद सुकल्यावर मी तसाच स्कॅन केला, फराट्यासकट. काच मात्र आधी चारदा पुसली. वर आप्पांचं कुंचल्यानं लिहिलेलं शीर्षक, मध्ये चेहरा, खाली माझा बारीक मजकूर. छापखानेवाल्यानं निरोप पाठवला, की भुवईवर डाग आहे, काढून टाकू का? मी स्वतः जाऊन सांगून आले, की हात लावशील तर बघ. तेव्हापासून कुणीही फोटो आणला की मी माऊस धरायच्या आधी विचारते, यातलं काय ठेवायचं? लोकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. पण थोडं थांबलं की बहुतेकांकडे उत्तर असतं. कुणाला तीळ हवा असतो, कुणाला वाकडी कॉलर. साफ करणं मला अजूनही आवडतं, स्वभाव कुठं जातो. फक्त आता वाटतं की विचारल्याशिवाय पुसायचा हक्क पुसणाऱ्याला नसतो.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आप्पा आणि मी वळला गेलो. विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर पोस्टर लावलं होतं. आत पेटीचे सूर जुळवणं चाललं होतं, आणि येणारा जाणारा शेडमधला प्रत्येक माणूस भिंतीपाशी थबकून 'अरे, हाच की रे' म्हणून आत जात होता. ती आली, मुलीला घेऊन. नवं लुगडं, केसांत फूल नाही. पोस्टरसमोर उभी राहिली आणि मुलीला वर उचलून तिनं कानात काहीतरी सांगितलं.

मुलीनं हात पुढे केला. भुवईवरच्या पांढऱ्यावर इवलीशी चिमूट धरली, ओढली, आणि ती रिकामी चिमूट आईच्या तळहातावर नेऊन सोडली. हे तिला कुणी शिकवलं होतं की तिनं आईला कधी करताना पाहिलं होतं, मला माहीत नाही. आई क्षणभर आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तळहात तोंडाजवळ नेला आणि मुलीच्या चेहऱ्यावर फुंकर मारली. मुलगी खदखदून हसली.

मी वळले आणि खाली वाकून बघायला लागले.

"काय हरवलं?" आप्पांनी विचारलं.

"चप्पल," मी म्हटलं.

आप्पांनी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला पायातच होत्या. ते माझ्याशेजारी वाकले आणि शोधायला लागले.